नकाशा जिथं संपतो

सत्त्याऐंशीचा दुष्काळ. लातूर जिल्हा जेमतेम पाच वर्षांचा, जमिनींची जुनी कागदपत्रं अजून उस्मानाबादेहून यायची. उदगीरचा मोजणीदार माणिकप्पा दिवसभर पाझर तलावांच्या जमिनी मोजी आणि घरी आला की आकाश. हो, आकाशच. कॉलेजातल्या परदेशी मासिकातला एक नकाशा त्यानं पारदर्शक कागदावर उतरवला होता. पंख्यासारखा आकार, हजारभर ठिपके. एकेक ठिपका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची एक आख्खी दीर्घिका.

या ठिपक्यांचे पुंजके गोल की लांब, हे शास्त्रज्ञ लोक नुसतं बघून सांगत. माणिकप्पाला ते पटेना. "बघून मोजणी मान्य केली तर गावोगाव डोकी फुटतील," तो म्हणे. ज्वारीच्या दाण्याएवढ्या अंतरातले ठिपके त्यानं जोडले, भोवती हद्द आखली. घेर दोऱ्यानं मोजला, क्षेत्र चौकोन मोजून काढलं. घेर मोठा न् क्षेत्र थोडं, की ती पट्टी. हे कुठलाही शेतकरी जाणतो. सगळ्यात मोठी पट्टी पंख्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत गेलेली. लातूरला विज्ञान शिक्षकांच्या मेळाव्यात तिच्यावर बोलायला दहा मिनिटं मिळाली होती. त्यासाठी मी, त्याचा शेजारी आणि कॉलेजातला मास्तर, तीन प्राध्यापकांशी भांडलो होतो.

आदल्या दिवशी त्याची बायको नागम्मा घागर टेकवून नकाशावर वाकली.

"अवं, ह्या काठाच्या पलीकडं कुणाचं रान हाय?"

"कुणाचं न्हाई. तिथं मोजणी थांबली."

"मग तिथं बांध कशाला घातलाव?"

माणिकप्पा उठला, बसला, परत उठला. कागदाचा काठ त्यानं हद्द धरला होता. दुर्बिणीनं मोजलं तिथवर कागद. पुढं पट्टी किती जाते, वळते का फुगते, कुणास ठाऊक. जन्मभर लोकांचे बांध शोधणारा माणूस नसलेला बांध मोजून बसला.

मी तापलो. "अण्णा, गप वाचून टाका. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की, बसवंत."

मेळाव्यात त्यानं काठाला टेकलेल्या सहा आकृत्यांवर फुली मारली, सगळ्यात मोठीवर पहिली. मागून कुणीतरी टोमणा मारला, "मोजणीदारानं वरची जमीनबी खाल्ली." माणिकप्पा ढळला नाही. उरल्या नऊ, त्यातल्या सात लांबट, दोन गोलसर.

"एवढंच छातीठोक सांगतो. साहेब, यापेक्षा रुंद नकाशा कुठं मिळंल?"

पुण्याला असेल, कुणीतरी म्हणालं. स्टँडवर उदगीरची गाडी लागलेली असताना हा पुण्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मी चिडत चिडत त्याच्या मागं.