मसाल्याच्या पत्त्यावर झुरळ

आमच्या दाजींच्या वेबसाइटवर एक झुरळ आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. ते कोपरखैरण्यात राहतात, धंदा पेस्ट कंट्रोलचा, आणि हे झुरळ त्यांनी स्वतः पसंत केलेलं आहे. साइट उघडली की ते डाव्या कोपऱ्यातून तुरुतुरु निघतं, मध्यावर थांबून मिशा हलवतं, आणि उताणं पडून मरतं. मग खाली अक्षरं उमटतात : आता निवांत झोपा. मी म्हणालो होतो, दाजी, लोक जेवता जेवता मोबाइल बघतात, हे नको. "मेलेलं दाखवतोय न्हवं? मग घाण कसली?" दाजी म्हणाले, आणि विषय संपला.

वेबसाइट ठेवायला इंटरनेटवर भाड्याने जागा घ्यावी लागते, आणि त्या जागेचा सगळा कारभार ज्या पानावरून चालतो त्याला कंट्रोल पॅनेल म्हणतात. जागा दाजींच्या नावावर, कारभार माझ्या गळ्यात. मी जुईनगरला लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापतो, एवढ्या पुराव्यावर आमच्या घराण्याने मला कॉम्प्युटरतज्ज्ञ ठरवून टाकलं आहे. त्या पॅनेलवर दाजींच्या डोमेनमागून, म्हणजे साइटच्या पत्त्यामागून, माझं डोमेन आलं, मग आमच्या सोसायटीचं, मग दाजींच्या गावच्या मंडळाचं. "जागा रिकामीच हाय की, घाल आत," म्हणत दाजींनी गावाकडच्या पाहुण्यांना हॉलमध्ये सतरंजी घालावी तशी सगळ्यांची सोय केली. मुख्य डोमेन मात्र दाजींचं. पॅनेलवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि दाजी ते आल्यागेल्याला बोट ठेवून दाखवतात.

यंदा त्यात ताईची भर पडली. ताई दर उन्हाळ्यात शेजारणींना वर्षाचा मसाला करून देते. तुर्भ्याच्या मसाला मार्केटात ती मिरची मोडून बघते, हुंगते, आणि "ही गेल्या वर्षीची" म्हणून व्यापाऱ्याच्या तोंडावर पोत्यात परत टाकते. या वर्षी तिने ठरवलं, स्वतःच्या नावाचं पाकीट काढायचं. बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामांतल्या कामगारांना जेवण पुरवणारा एक कंत्राटदार तिला भेटला होता. तो म्हणाला होता, "साइट सुरू झाली की लिंक पाठवा. आमच्या साहेबांना सगळं रीतसर लागतं." हे गिऱ्हाईक लागलं तर धंदा उभा राहणार, नाही तर पुन्हा शेजारणींचे डबे. ताईने हे मला मिरच्यांचे देठ खुडता खुडता सांगितलं, मान वर न करता. एरवी ती वांग्याच्या भावावरसुद्धा अर्धा तास बोलते. त्यामुळे तिच्या जिवाला किती लागलंय ते मला कळलं.

मुहूर्त अक्षय्यतृतीयेचा. मी सकाळीच लॅपटॉप घेऊन ताईकडे पोचलो. तिची साइट मी तयार करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली होती, तांबड्या मिरच्यांच्या फोटोसकट. आता फक्त तिचं डोमेन पॅनेलमध्ये जोडायचं होतं.

डोमेन जोडताना तिथे एक लहानसा चौकोन येतो, आणि त्यात बरोबरची खूण आधीच केलेली असते. ती तशीच राहिली तर नव्या नावावरही मुख्य डोमेनचीच साइट उघडते. काढली, की नव्या नावाला स्वतःचं फोल्डर देता येतं. मी ती काढली आणि ताईच्या फोल्डरचं नाव लिहिलं. दाजी नाकावर चष्मा ओढून माझ्या खांद्यावरून बघत होते.

"काय काढलंस?"

"ताईचं वेगळं केलं, दाजी. तुमचं तुमच्याकडे, तिचं तिच्याकडे."

"आरं, एका घरात दोन चुली मांडतोस व्हय? पाव्हणे काय म्हणतील?"

"पॅनेल पाव्हण्यांना दिसत नाही."

"मला दिसतंय न्हवं!"

मी परोपरीने समजावलं. दाजींनी मान डोलावली. तेवढ्यात ताईने आमरसाची गोडी बघायला स्वयंपाकघरातून हाक मारली, आणि मी उठलो. वाटीभर रस चाटून परत येतो तो पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'डोमेन जोडले गेले' असं झळकत होतं.

"मीच दाबलं बटण," दाजी म्हणाले. "उगा उशीर व्हायला लागला व्हता."

"आणि ती खूण?"

"झालंय ना हिरवं? मग?"

मी साइट उघडून बघायला हात पुढे केला, तर मागून ताईचा ओला हात माझ्या मनगटावर.

"मुहूर्ताआधी उघडायची नाही."

"ताई, एकदाच बघू दे. लोकांना दाखवायच्या आधी तपासतात गं."

"उद्घाटनाआधी फीत कापून बघतात का? बस गप."

रंगीत तालीम न करता थेट पडदा उघडणारी नाटक कंपनी मी आजवर पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली, आणि तिचं नेपथ्य मीच केलं होतं. लॅपटॉप पाटावर ठेवला गेला. त्याला हळदकुंकू वाहिलं. वरून मूठभर अक्षता टाकल्या, त्या सगळ्या कीबोर्डात गेल्या. दाजींनी नारळ फोडला. ताईने डोक्यावर पदर घेतला, सगळ्या नातेवाइकांना, शेजारणींना आणि द्रोणागिरीच्या कंत्राटदाराला एका दमात लिंक पाठवली, आणि मग स्वतःच्या बोटाने साइट उघडली.

झुरळ निघालं. तुरुतुरु मध्यावर आलं, मिशा हलवल्या, उताणं पडलं. आता निवांत झोपा.

"झोकात आली की!" दाजी म्हणाले.

ताईने पदर खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी तिची पाटी फोडली होती तेव्हाही तिने असं बघितलं नव्हतं.

मी पॅनेलकडे धावलो. पॅनेलने पूजेच्या काळात मला बाहेर काढलं होतं. पासवर्ड टाकावा तर एका बटणाखाली अक्षता अडकलेल्या. ते दाबलं की एकाऐवजी चार अक्षरं उमटत. कसाबसा पासवर्ड गेला, तर पॅनेलला ओटीपी हवा. तो येणार दाजींच्या मोबाइलवर, कारण जागा दाजींची. आणि दाजींचा मोबाइल अभिनंदनाने वाजत सुटलेला.

"व्हय पाव्हणं, बघितलंत? आमचंच झुरळ ते!"

"दाजी, फोन ठेवा, नंबर सांगा!"

"थांब रं, सातारचा फोन हाय."

सातारचा फोन संपेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला, तेव्हा कऱ्हाडचा फोन आला. तिसऱ्याला मी मोबाइल त्यांच्या कानावरून ओढून घेतला. आत गेलो, फोल्डर बदललं, सेव्ह केलं, घाम पुसला. लॅपटॉपवर मिरच्या दिसल्या! विजयी मुद्रेने ताईला म्हटलं, आता तुझ्या मोबाइलवर बघ.

तिथे झुरळ पुन्हा मेलं.

"अगं, मोबाइल जुनं पान लक्षात ठेवतो. ते पुसावं लागतं. दे इकडे..."

मोबाइल माझ्या हातात येण्याआधीच वाजला. कंत्राटदार. ताईने स्पीकरवर घेतला.

"ताई, लिंक चुकली का? इथे झुरळ मरतंय."

मी हातवारे करून सुचवलं, तांत्रिक बिघाड म्हण. दाजी दुसऱ्या कानात कुजबुजले, "दोन्ही कामं करतो म्हणावं."

"लिंक बरोबर आहे," ताई म्हणाली. "झुरळ आमच्या ह्यांचं. माझ्या पत्त्यावर आलं होतं, हाकललं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा."

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "हां, आला मसाला. छान आहे. पण ताई, राग मानू नका. कीटकनाशकाचा धंदा आणि मसाला एका घरात? साहेब विचारणार. एकच कारभार असेल तर आम्हाला नाही चालायचं."

ताईने मोबाइल शांतपणे दाजींच्या तोंडासमोर धरला.

"सांगा त्यांना."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. दाजींनी घसा खाकरला, मिशीवरून हात फिरवला.

"येगळं हाय," ते म्हणाले.

"मोठ्याने," ताई म्हणाली.

"सगळं येगळं हाय साहेब. माझी औषधं, गाडी, सगळं तिकडं महाप्याच्या गाळ्यात. कपडं बी तिथंच बदलून येतो. हिच्या मसाल्याचा आन् माझा काई संबंध न्हाय."

"मग उद्या नमुना घेऊन या," कंत्राटदार म्हणाला. "आमचा आचारी बघेल."

दुसऱ्या दिवशी दाजींची पेस्ट कंट्रोलची गाडी अर्थातच बाद. माझी गाडी निघाली, मागच्या सीटवर नमुना म्हणून ताईने भरलेली मसाल्याची पोती, आणि उलव्यापर्यंत पोचता पोचता माझे डोळे वाहायला लागले. ताई शेजारी ताठ बसली होती, जरीच्या साडीत. काच खाली करू देईना, धूळ बसते म्हणून.

द्रोणागिरीच्या त्या स्वयंपाकघरात आचाऱ्याने उकळत्या रश्शातून वाटीभर बाजूला काढला, त्यात ताईचा मसाला घातला, चमचा ओठाला लावला आणि छताकडे बघत राहिला. बराच वेळ. मग त्याने आणखी दोन चमचे काढले आणि मोठ्या पातेल्यात टाकले. कंत्राटदार हसला. "सोमवारपासून द्या," म्हणाला.

ताईने फक्त मान हलवली. परतीच्या वाटेवर मोठे कंटेनर मागे पडले. तशी ती एकदम माझ्या दंडावर चापट मारून म्हणाली, "काय रे, लोणच्याचं डोमेन रिकामं असेल का? आणि कुरडयांचं?"

मी आधी काच खाली केली. मला शिंका येत होत्या.