गेरूची नागीण

दुपारी ओसरीवर डोळा लागता लागता कधी कधी जांघेत मुंग्या चालल्यासारखं होतं. झोपेतच ओळखते, आली बाई. ऊन फार लागलं, जागरण झालं की ती येते. उद्या पाण्याचे बारीक फोड, लघवीला आग, मग खपल्या. आता तिचा राग येत नाही. पण पहिल्यांदा आली तेव्हाची मी आठवली की पदर तोंडात धरून हसते.

तेव्हा मालकांना जाऊन वर्ष झालं होतं. मी कापूस वेचण्यात सगळ्यांच्या पुढं, आणि डोक्यातही कापूसच. फोडांचा घोस बघितला आणि ठरवून टाकलं, ही नागीण. नागिणीचं तोंड आणि शेपूट अंगाभोवती जुळलं की माणूस जातं, हे आमच्याकडं सगळेच सांगतात. मग मी रोज न्हाणीत कमरेला दोरा गुंडाळून बघायची, किती राहिलं जुळायला.

सोनपेठच्या बाजूला एक म्हातारे बाबा नागिणीवर गेरूनं चित्र काढत. एसटीनं गेले. "कुठं निघालीय?" त्यांनी विचारलं. आता जागा काय दाखवू? मी हात पुढं केला. "इथं निघणार हाय."

"निघायच्या आधीच आलीस? लय हुशार हायस," म्हणत त्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत लाल नागीण काढून दिली. येताना गोदावरीचं पाणी उन्हात धुरकट दिसत होतं आणि माझा हात नवरीसारखा नटलेला. फोड वाळले. मला वाटलं, हातावरच्या नागिणीनं खालच्या नागिणीला निरोप पोचवला.

पुढं सून बाळंत होऊन माहेराहून आली, आणि नेमकी तेव्हाच नागीण परत आली.

"आत्याबाई, घ्या की लेकीला."

"गुडघा दुखायलाय गं."

"गुडघ्यावर कोण द्यायलंय? मांडीवर घ्या."

मी गोठ्याकडं सटकले. नागीण लेकरावर चढली तर? रोज नवं निमित्त काढायची. एक दिवस सून फोनवर तिच्या आईला सांगताना ऐकलं, "पोरगी झाली म्हणून आत्याबाई हात लावंनात." दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरली.

गंगाखेडला डॉक्टरीणबाईंकडं गेले. सवयीनं हातच पुढं केला.

"हाताला काही नाही, आजी."

"खालचं हाय ओ," मी म्हणाले, भिंतीकडं बघत.

त्यांनी तपासलं. नाव सांगितलं, हर्पीस. नागीण वेगळी, ही वेगळी. नवराबायकोच्या संगतीतून येते, वर्षानुवर्षं गुपचूप राहते. गोळ्यांनी लवकर बसते, पण अंगातून जात नाही. कधी आली ते विचारायला मालक नव्हते. मला एकच विचारायचं होतं.

"लेकरू मांडीवर घेऊ का?"

"घ्या की. फोडाला हात लागला तर साबणानं धुवा, बस."

घरी आल्यावर चुलीपुढं बसून सुनेला सगळं सांगितलं, दोऱ्यासकट. तिनं विचारलं, "आणि हात पुढं केला?" हसता हसता तिची भाकरी करपली. डोळे पुसत तिनं लेक माझ्या मांडीवर ठेवली. लेकीनं लगेच लुगडं ओलं केलं. मी हलले नाही.

तो दोरा पाळण्याला बांधला, टोकाला कापडाची चिमणी. दुपारभर वाऱ्यानं ती हलायची, आणि खाली आम्ही दोघी झोपलेल्या.