काकूचं वाकडं तोंड

आमच्या कारखान्यात वर्षातून एकदा पोटभर हसायची सोय होती, आणि ती सोय म्हणजे माझी काकू.

कारखाना म्हणायचा आपला. बाटल्या धुवायची एक खोली, लेबलं चिकटवायची एक, मुळ्या आणि साली ठेवायची एक कुलूपबंद, आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये छातीइतक्या उंचीचं लाकडी पिंप. त्या पिंपातल्या दारूत मुळ्या, साली, बिया महिनोन्महिने भिजत पडायच्या. त्यातून जे निघायचं त्याला लेबलावर झकास नाव होतं, पण सगळे त्याला ‘कडू’च म्हणायचे. लोक ते जेवणानंतर घोटभर घेत, पोटाला बरं म्हणून. पहिल्यांदा पिणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. आधी काहीच लागत नाही, उलट गोडसर वाटतं, आणि माणूस बेसावध झाला की जिभेच्या मुळाशी कडू चढतं, ते डोळ्यांतून पाणी काढूनच उतरतं.

पिंप उघडायच्या दिवशी सगळे शेडमध्ये जमायचे. पहिला चमचा कारखान्यात सगळ्यात शेवटी आलेल्याला द्यायचा, ही आमच्याकडची पद्धत. नवख्याचं तोंड बघून हसून घ्यायचं, मग आजोबा स्वतः चाखणार आणि मुळीची शेवटची मूठ घालायची की नाही ते ठरवणार. घातलेली मूठ परत काढता येत नाही. झाकण बसतं, आणि वर्षभराचा माल जसा व्हायचा तसा होतो. काकू लग्न होऊन आली, बाटल्या धुवायला लागली, आणि तिच्यानंतर बाहेरचं कोणी आलंच नाही. मी लेबलं लावते, पण मी याच घरात जन्मलेली, मला नवखी कोण म्हणणार? त्यामुळे चमचा दर वर्षी काकूच्याच वाट्याला. तिचा एक डोळा गच्च मिटायचा, ओठ कानाकडे धाव घ्यायचे, मान खांद्यात जायची. बायका पोट धरून हसायच्या. तिचं नावच पडलं, तोंडवाकडी. आजोबा मात्र हसायचे नाहीत. मोठ्या तापातून उठल्यावर तर टक लावून तिच्याकडे बघत राहिले. मला वाटायचं, म्हाताऱ्याला सुनेचा राग येतो.

काकूला बाटल्या धुण्याचा कंटाळा आला होता. तिला त्या कुलूपबंद खोलीत शिरायचं होतं. एक दिवस तिने धीर करून विचारलं, “मामंजी, मला मिश्रण शिकवाल?”

“चमचाभर गिळताना तुझे एवढे हाल,” आजोबा म्हणाले. “तू काय शिकणार?”

काकूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने गळक्या बुचाची एक बाटली घरी आणली आणि पिठाच्या डब्यामागे लपवली. रोज संध्याकाळी स्वयंपाक उरकला की ओट्याला टेकून उभी राहायची आणि औषध घेतल्यासारखा एक घोट घ्यायची. सुरुवातीला मोरीकडे पळायची. मग साखरेचा खडा जिभेवर ठेवून बघितला, मग पाणी घालून, मग नुसतं. मला हे कळलं, कारण मी पीठ घ्यायला गेले आणि हातात बाटली आली.

“कोणाला सांगितलंस तर बघ,” काकू म्हणाली.

“अगं, पण एवढा जिवाचा आटापिटा कशाला?”

“एकदा तरी चमचा घेऊन मला सरळ तोंडाने उभं राहायचंय.”

बाई हट्टी. महिन्याभरातच तिचं तोंड निम्मं सरळ झालं. त्या वर्षी पिंप उघडलं तेव्हा तिने जेमतेम नाक मुरडलं आणि जमलेल्या मंडळींची निराशा झाली. आजोबांनी चाखलं, क्षणभर घुटमळले, मूठ घातली, आणि वर आणखी एक घातली. तो माल असा काही जहाल निघाला की जुनी गिऱ्हाइकंसुद्धा थुंकली. खोक्यांवर खोकी परत आली. आमचा जवळजवळ सगळा माल उचलणारा व्यापारी दारात येऊन सांगून गेला, “पुढच्या खेपेला पिंप माझ्यासमोर उघडायचं. पुन्हा हे झालं तर मी दुसरीकडे बघतो.” तो गेला म्हणजे कारखान्याला टाळं, हे आम्हाला कोणी सांगायला नको होतं. माझे वडील आडून आडून म्हणायला लागले की आता आजोबांनी घरी आराम करावा.

पुढचं वर्ष सगळ्यांनी जीव मुठीत धरून काढलं. काकू मात्र नेमाने घोट घेत राहिली, आणि मध्येच कधीतरी एक गंमत झाली. तिला ते आवडायला लागलं. कडवटपणाच्या मागे संत्र्याची साल आहे, ओल्या लाकडाचा वास आहे, आणि सगळ्यात शेवटी घशात एक ऊब राहते, असं ती मला सांगायची. जेवणानंतर घोट मिळाला नाही की तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मी चव घेऊन बघितली. मला त्यात कसलीही साल सापडली नाही.

मग एक दिवस चहाचा प्रकार झाला. दूध नासलं होतं, चहात चोथा तरंगत होता, आणि आजोबांनी पेपर वाचता वाचता अख्खा कप संपवला. वर म्हणाले, “छान झालाय.” काकूने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम साखरेऐवजी मीठ घातलं. तोही कप संपला.

“त्या मोठ्या तापात त्यांची जीभ गेली,” काकू ओट्यापाशी हळूच म्हणाली. “वास नाही, चव नाही.”

“बाबांना सांगूया?”

“सांग. उद्याच त्यांना खुर्चीत बसवतील. चार दिवसांत संपतील ते.”

“आणि परत दोन मुठी घातल्या तर?”

“यंदा मला चव कळते,” ती म्हणाली. “चुकायला लागले तर मी थांबवीन.”

“सगळ्यांसमोर? व्यापाऱ्यासमोर?”

ती कढई घासत राहिली, घासून झालेली पुन्हा घासली.

पिंप उघडायचा दिवस आला. व्यापारी हाताची घडी घालून पिंपाच्या पलीकडे उभा. वडील त्याच्या शेजारी, चेहरा उतरलेला. मी झाकण पुसायचं फडकं धरून आजोबांच्या मागे. आजोबांनी चमचा बुडवला आणि रीतीप्रमाणे काकूपुढे धरला.

काकूने चमचा तोंडात घेतला. मी तिच्याकडे बघत होते. आधी काहीच नाही, मग डोळ्यांत चमक आली. मला कळलं, माल जमलाय. अगदी जसा हवा तसा. ती ताठ उभी राहिली, तोंड सरळ, वर किंचित हसली. वर्षभर ती ज्याच्यासाठी मरत होती तो क्षण हाच.

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आणि आजोबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी घाईघाईने स्वतः चमचा घेतला, गिळला, आणि परत काकूच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांचा हात मुळीच्या टोपलीत गेला. मूठ भरली. व्यापारी पुढे वाकला. आता ही ओरडणार, आणि आजोबांचं सगळं सगळ्यांसमोर उघडं पडणार.

काकू ओरडली नाही. चमचा परत घेण्याच्या निमित्ताने ती त्यांच्या अगदी जवळ गेली.

“मामंजी, बरोबर आहे,” ती ओठ न हलवता म्हणाली. “एक काडीही नको.”

मूठ पिंपाच्या काठावर थांबली. आजोबांचं पुटपुटणं मला आणि तिलाच ऐकू आलं.

“मग तोंड का नाही वाकडं केलंस? मी तेच बघून घालतो गं.”

काकू जागच्या जागी थिजली. दोन खेपा म्हाताऱ्याने तिच्या तोंडावरून माल ठरवला होता. तापानंतरच्या पहिल्या वर्षी तो जमलाही. नंतर हिने तोंड सरळ करायला घेतलं आणि त्याची उरलीसुरली जीभही गेली. गेल्या साली परत आलेली ती खोकी कुणामुळे आली, हे तिच्या डोळ्यांत तेव्हाच उमटलेलं मी बघितलं. समोर व्यापारी, त्याच्या शेजारी वडील, आणि मधोमध म्हाताऱ्याची ती भरलेली मूठ.

“अगं बाई,” काकू एकदम मोठ्याने म्हणाली, “आत्ता चढलं.”

आणि तिने तोंड केलं. एक डोळा गच्च, ओठ कानापर्यंत, मान खांद्यात. असं वाकडं की नवी नवरी होती तेव्हाही तिला जमलं नव्हतं. बाटल्यांवाल्या बायकांमधून हसू फुटलं, वडील हसले, व्यापाऱ्यालाही राहवलं नाही. “तोंडवाकडी ती तोंडवाकडीच,” कोणीतरी म्हणालं.

आजोबांनी मूठ टोपलीत मोकळी केली. “झालं,” ते म्हणाले. “झाकण लावा.” व्यापाऱ्याने आपला चमचा घेतला, बराच वेळ घोळवला आणि पसंतीची मान डोलावली. काकू तोवर बाटल्यांच्या खोलीत निघून गेली होती. मी गेले तर नळ सोडून उभी, डोळे लाल. मला म्हणाली, “कडूच आहे गं फार.” तिला ते किती आवडतं हे माहीत असलेली मी एकटीच होते, आणि मला रडू आलं.

त्या संध्याकाळी आजोबा कधी नव्हे ते स्वयंपाकघरात आले. पिठाच्या डब्यामागे त्यांनी सरळ हात घातला. बाटली काढली, दोन पेल्यांत थोडं थोडं ओतलं आणि शेजारी कुलूपबंद खोलीची किल्ली ठेवली. आपला पेला संपवला. चेहऱ्यावर काहीच नाही, पाणी प्यायल्यासारखं.

“सांग,” ते म्हणाले. “कसं लागतं?”

काकूने घोट घेतला. आजोबांनी डोळे मिटले.

“आधी काहीच नाही,” ती म्हणाली. “थोडं गोड. थांबा हं, आता येईल.”