हरळीसाठी भाजलेला राब

आमची लोणावळ्यातली बाग आता चांगली नांदती झाली आहे. दुपारी बायका तिथे वाती वळत बसतात, संध्याकाळी पेन्शनर म्हातारे बाकांवर बसून जगाची उठाठेव करतात. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे बैलगाड्या सोडायचा नुसता माळ होता, सगळे दगड आणि शेण. पुढे नगरपालिकेने कुंपण घातलं आणि कान्हे गावाकडचे एक शेतकरी माळी म्हणून नेमले. सगळी आळी त्यांना आबा म्हणायची.

नगरपालिकेच्या साहेबांनी आबांना हिरवळीसाठी हरळी लावायला सांगितली. आबा बागेसमोरच्या आमच्या दारात येऊन कपाळावर हात मारून म्हणाले, "वैनी, शेतातली हरळी खणता खणता जलम गेला, आन् आता लावू व्हय?" पण हुकूम तो हुकूम. मावळात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात तसा त्यांनी बागेत चक्क राब भाजला! शेण, पाला, वाळकं गवत पसरलं आणि दिलं पेटवून. धूर थेट माझ्या धुण्यावर. माझं डोकं असं फिरलं की तशीच तणतणत साहेबांकडे गेले. "माळी नेमलाय की आगलाव्या?" असंही बोलून आले.

साहेब आले तर बागेच्या मधोमध काळाठिक्कर चौकोन. "महिन्यात हिरवं दिसलं नाही तर घरी जा," एवढंच म्हणाले. आबांच्या धाकट्या लेकीचं लग्न या नोकरीच्या भरवशावर ठरलेलं. हे मला मागाहून कळलं आणि स्वतःची लाज वाटली. मेलं धुणं ते, पुन्हा धुतलं असतं!

आबांनी हरळीची कांडं लावली. मी रोज संध्याकाळी कळशी घेऊन तिथे जाऊ लागले. मला बघून शेजारणीही आल्या. महिना भरायच्या आतच हरळी अशी दाट फुटली की साहेब बूट काढून तिच्यावरून चालले. आबा राहिले, लेकीचं लग्नही झालं.

गेल्या वर्षी आबा थकले आणि काम सोडून गावी निघाले, तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "आबा, तेव्हा तुमची चुगली मीच केली होती."

"ठावं हाय की. सायबानं त्याच दिशी सांगितलं."

"अहो, मग मला कधी बोलला का नाहीत?"

"बोलनार व्हतो. लय राग आलता," आबा म्हणाले. "पर तुमी कळशी घेऊन आलात. मंग काय बोलायचं?"