मी हिरव्यांना सोडलं

मी मुळात भित्री. लिफ्ट जराशी थरथरली तरी माझा हात शेजारच्या माणसाच्या बाहीला जातो, मग तो अनोळखी का असेना. आई म्हणते, "एवढं घाबरायला तुला झालंय तरी काय?" काही झालेलं नसतं, म्हणून तर भीती वाटते. होऊन गेलं की खलास, मग कसली भीती?

आमच्या घरात बेसबॉल आला तो बाबांच्या बॅगेतून. बाबा दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमध्ये व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत आहेत. मी सातवीत असताना कंपनीने त्यांना तीन महिने ट्रेनिंगला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर धाडलं. तिथला फोरमन त्यांना दर शनिवारी मॅचला न्यायचा. परत आले ते तिथल्या टीमच्या दोन हिरव्या टोप्या घेऊन, एक त्यांची आणि एक माझी. आई म्हणाली, "लोक चॉकलेटं आणतात, परफ्यूम आणतात. आणि ह्यांनी काय आणलं, तर टोप्या!"

तिकडची संध्याकाळची मॅच आमच्याकडे सकाळी सहाला सुरू होते. अल कुसैसमधली आमची अख्खी बिल्डिंग क्रिकेटवाली. सहाच्या ठोक्याला चहा आणि खारी घेऊन बेसबॉल बघणारे आम्ही दोघंच. भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असायचे, म्हणून ओरडायचं झालं तर तोंडावर उशी धरायची असा नियम. एरवी बाबा मराठीत विचारायचे आणि मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे. पण आमचे हिरवे हरायला लागले की दोघांच्याही तोंडून मराठीच यायचं, आणि ते आईला ऐकवण्यासारखं नसायचं.

त्याच किनाऱ्यावर लाल टोपीवाल्यांची एक टीम आहे. हिरव्यांचे हाडवैरी. लाल जिंकले की बाबा टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि माझ्याकडे असं बघायचे, जणू मीच कॅच सोडला.

शाळा संपली, कॉलेज संपलं, बर दुबईत नोकरी लागली, तरी सहाची मॅच सुटली नाही. आणि मग दोन वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, अशीच एक मॅच चालू असताना बाबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "जरा हात जड वाटतोय गं." त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता, आणि एसी तर अठरावर.

दुसऱ्या दिवशी बायपास. ऑपरेशनला नेण्याआधी सर्जन बाहेर आले. मोठे डॉक्टर, भला माणूस. त्यांनी सगळं समजावलं आणि शेवटी हसून म्हणाले, "इन्शाल्ला." मला वाटलं, संपलं. इथे वाढलेल्या कुणालाही विचारा. एसीवाला 'इन्शाल्ला उद्या' म्हणाला की आम्ही पंखा बाहेर काढतो. डॉक्टरांनी तो शब्द किती मनापासून म्हटला होता हे मला आज कळतं, पण तेव्हा मला फक्त न आलेला एसीवाला आठवला.

बाहेरच्या बाकावर आई डोळे मिटून बसली होती. मला तिचं माहीत होतं. मी दीड वर्षाची असताना तापाने फणफणले होते, तेव्हा तिने सीताफळ सोडलं होतं. तिचं सगळ्यात आवडतं फळ. आजतागायत ती आमच्यासाठी सीताफळाच्या बिया काढून वाटीत गर काढून देते आणि बोट न चाटता नळाखाली धरते. लहानपणी मी हसायचे. त्या बाकावर मात्र मी तिला हळूच विचारलं, "आई, ते सोडतात ते कसं करायचं?"

तिने डोळे उघडले नाहीत. "सगळ्यात आवडीचं सोडायचं. कारलं सोडून देव पावत नाही. आणि ज्याच्यासाठी सोडलं त्याला सांगायचं नाही, त्याच्या जिवाला ओझं होतं."

मी आधी कॉफी देऊ केली. मग पिझ्झा. मनातल्या मनातच मला समोरून 'बरं, आणखी?' असं ऐकू यायला लागलं. आत त्यांची छाती उघडलेली आणि मी इथे घासाघीस करत बसलेय! आणि मग ते सुचलं, आणि सुचल्याबरोबर इतकं वाईट वाटलं की हेच ते, अशी खात्री पटली. हिरवे. पण नुसती मॅच बघायची सोडली तर काय, मनातून तर ते जिंकावेत असंच वाटणार. मन कसं सोडायचं? म्हणून मी घाईघाईत पुढचंही बोलून बसले. हिरव्यांना सोडते आणि लालना धरते. जन्मभर. बाबांना परत दे.

सहा तासांनी बाबा परत मिळाले.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी सहाला हाक मारली, "यल्ला, चल, सुरू होतंय!" मी बाहेर आले आणि लालवाल्यांच्या बाजूने बसले. बाबांना आधी चेष्टा वाटली. मग त्यांना वाटलं, कुणीतरी मुलगा आहे. "लालवाला आहे का कुणी ऑफिसात? सांग की, मी काय खातो का त्याला?" मी नुसतीच हसले. आठवडाभर त्यांनी मला चिडवलं, आणि मग एकदा टीव्हीकडेच बघत म्हणाले, "दहा-बारा वर्षं आपण बघतोय गं. असं कसं एकदम?" त्या आवाजाने माझा जीव तुटला. सांगता तर येत नव्हतं. आई ओट्याशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं बहुतेक.

आणि भीती! वाटलं होतं ऑपरेशन झालं की ती जाईल, पण आता तर ती माझ्याच हातात आली होती. हिरव्यांनी चांगला फटका मारला की माझ्या आत काहीतरी उसळायचं आणि मी लगेच ते दाबायचे, आणि बाबांकडे बघायचे. श्वास चालू आहे ना? रंग बरा आहे ना? मॅच मी बघतच नव्हते. मी बाबांची छाती वर-खाली होताना बघत होते.

मग तो शनिवार आला. हिरवे विरुद्ध लाल, शेवटची इनिंग, हिरवे एका रनने मागे. त्यांच्या एका खेळाडूने बॉल असा हाणला की तो थेट प्रेक्षकांत जाऊन पडला. पुढे एक जण बेसवर होताच, म्हणजे दोन रन. मॅच खिशात. आणि माझ्या तोंडून, उशी नाही काही नाही, खच्चून निघालं, "आईशप्पथ, गेला!"

त्याच क्षणी बाबांनी छातीवर हात दाबला आणि ते पुढे वाकले.

मी कशी उठले मला आठवत नाही. फोन हातात होता आणि नंबर लावता येत नव्हता. "बाबा! बाबा!" मी किंचाळत होते. आई धावत आली. बाबांनी मान वर केली, तर ते हसत होते. हसताना टाके ओढले जायचे, म्हणून त्यांना छाती धरून हसायला सांगितलं होतं. "पकडली!" ते म्हणाले. "हिरवीच आहेस तू अजून!"

मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि नळ सोडून रडले. त्या दिवसानंतर मी सहाला उठेनाशी झाले. म्हणजे जाग यायचीच, पण मी पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहायचे. तिथे बसलेच नाही तर तोंडून काही निघणारच नाही, आणि बाबा सुखरूप. बाहेरून टीव्हीचा बारीक आवाज यायचा. बाबा दोनदा दाराशी येऊन हाक मारून गेले. मग त्यांनी हाक मारणं बंद केलं.

असा महिना गेला. एका सकाळी तहान लागली म्हणून बाहेर आले, तर बाबा सोफ्यावर बसलेले आणि डोक्यावर कोरी करकरीत लाल टोपी. किमतीचा टॅग कानाजवळ लोंबत होता. टीव्हीवर लालवाल्यांची मॅच.

"हे काय, बाबा?"

"ऑनलाइन मागवली." त्यांनी टोपी जरा मागे सरकवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये, बस. आजपासून मी पण लालवाला."

"अहो, पण तुम्ही... तुमचे हिरवे?"

"मरू देत हिरवे." पुढे बोलले तेव्हा आवाज इतका खाली होता की मला वाकावं लागलं. "मला इथे एकट्याला बसायला भीती वाटते गं. ह्याच सोफ्यावर, ह्याच वेळेला झालं होतं ना ते. तुम्ही दोघी झोपलेल्या असता. पुन्हा काही झालं तर शेजारी कुणीतरी असावं असं वाटतं. टीम काय, कुठलीही चालेल."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या टोपीचा टॅग दातांनी तोडला. रडू येत होतं, पण ते आलं तर त्यांना कारण सांगावं लागलं असतं. आई न सांगता तीन कप घेऊन आली आणि पहिल्यांदाच आमच्याबरोबर मॅचला बसली. "ह्यातले आपले कोण?" तिने विचारलं.

"लाल," बाबा म्हणाले.

आता दोन मोसम झाले. बाबा ठणठणीत आहेत. बाबांचं मला ठाऊक नाही, पण माझ्या तोंडून हल्ली लालवाल्यांसाठी खरोखरच आरोळी निघते, तोंडावर उशी धरावी लागते. ते हरले की माझा दिवस वाया जातो. त्यांच्यावर माझा जीव कधी जडला कळलंच नाही, आणि मी तो जडू दिला. मुद्दाम जडू दिला. बाबा गेल्या महिन्यात जिना चढताना थांबले होते, नुसता दम लागला म्हणाले, चेकअपमध्येही काही निघालं नाही. पण तेव्हा त्या पायरीवर उभी राहून मी आधी मनात चाचपून पाहिलं, की माझ्याकडे सोडायला पुरेसं आवडीचं काही आहे ना.