कौन आई?

आमच्या शाळेत पगार उशिरा यायचा, पुस्तकं त्याहून उशिरा, किस्से मात्र वेळेवर! झाशीजवळच्या बबीना छावणीतल्या त्या प्रायमरी शाळेत युनिव्हर्सिटीची जीप शिरली की एखादा किस्सा उतरायचाच. मी ते हसत सांगते, लोकही हसतात. खरं सांगू? अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्ही झाशीचे, दतिया गेटजवळचे. पिढ्या इथे गेल्या, तरी घरात मराठी. म्हणून छावणीतली मराठी पोरं आली की दुबेजी, आमचे हेडमास्तर, त्यांना माझ्याच वर्गात धाडत. "जोशी मॅडम, आपके देस की आई है, सँभालिए!"

अशीच मुक्ता आली. हवालदाराची मुलगी, थेट साताऱ्याहून. मराठीत तोंडाचा पट्टा थांबायचा नाही, हिंदीत नुसती टुकुटुकु बघायची. आणि नेमका त्याच वर्षी युनिव्हर्सिटीच्या मानव विकास विभागवाल्यांचा प्रोजेक्ट आला. पहिलीच्या मुलांची टेस्ट घ्यायची आणि 'मंद' निघतील त्यांना वेगळ्या खोलीत बसवायचं. तो शेरा दाखल्यावर पडला असता तर बापाच्या प्रत्येक बदलीबरोबर पोरीच्या मागे गावोगाव फिरला असता. माझा जीव टांगणीला लागला.

*

माझी पुण्याची वहिनी एकदा माझ्याबरोबर युनिव्हर्सिटीत आली. 'शिक्षा विभाग' ही पाटी वाचून जागच्या जागी थबकली. "अगं बाई! शिक्षेसाठी एवढी मोठी बिल्डिंग?"

"हो ना," म्हटलं, "ठरवतात इथे, भोगतो आम्ही तिकडे!"

*

टेस्टमध्ये चित्रांची कार्डं होती. एका कार्डावर समुद्र. नदीकाठच्या एरच गावचा एक मुलगा बघताक्षणी ओरडला, "बेतवा!"

टेस्ट घेणाऱ्या प्रोफेसरसाहेबांनी शून्य दिलं. मी म्हटलं, "सर, ह्याने पुरातली बेतवा पाहिलीय. तेव्हा पलीकडचा काठ दिसतच नाही."

"मैनुअल में समुद्र लिखा है, मैडम."

दुबेजी जन्मात कधी साहेबांपुढे बोलले नसतील, पण त्या दिवशी त्यांनाही राहवलं नाही. "तो साहब, अगली बार जीप में थोड़ा समुन्दर भी लेते आइए!"

साहेब हसले. शून्य मात्र तसंच राहिलं.

*

मग बालकेंद्रित शिक्षणावर कार्यशाळा झाली. हॉल नव्हता, म्हणून आमचे वर्ग घेतले आणि मुलांना मैदानात बसवलं, भर उन्हात! तहानलेली दोन-तीन पोरं दारातून डोकावली, तर साहेब भाषण थांबवून म्हणाले, "अरे, पहले इन बच्चों को हटाइए! यहाँ बच्चों पर बात चल रही है!"

हे अक्षरशः असंच म्हणाले. आणि आम्ही शिक्षकांनी मुकाट्याने पोरं हटवली.

*

एकदा मी धीर करून विचारलं, "सर, एवढं सगळं लिहून नेता, त्याचा निकाल शाळेला कधी कळणार?"

"वो जर्नल में छपेगा."

"मग एक प्रत पाठवाल का?"

"अंग्रेज़ी में है मैडम, आपके किस काम का?"

*

शेवटी मुक्ताचा नंबर लागला. मी मुद्दाम दारात उभी राहिले.

साहेबांनी लाडाने विचारलं, "बेटा, घर में कौन-कौन है?"

"आई," मुक्ता म्हणाली.

"कौन आई?"

"आई!"

"हाँ हाँ, पर कौन आई?"

पोरगी रडवेली झाली. "आई... आई!"

मी पुढे झाले. "सर, मराठीत आई म्हणजे—"

"मैडम, बीच में मत बोलिए! डेटा ख़राब होता है!"

आणि त्यांनी लिहिलं, प्रश्न समजत नाही, एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारते. दुसऱ्या दिवशी मुक्ता वेगळ्या खोलीत. मी दुबेजींशी भांडले, युनिव्हर्सिटीत जाऊन भांडले, काही उपयोग झाला नाही. त्या खोलीत तिला वर्षभर 'मम्मी बोलो, पापा बोलो' घोकवलं.

वर्षाअखेरीस प्रोजेक्टचा समारंभ झाला. मुक्ताला स्टेजवर उभं केलं.

"बेटा, घर में कौन-कौन है?"

"मम्मी, पापा, भैया!"

टाळ्यांचा कडकडाट! साहेबांनी माईक घेतला. "यह बच्ची पहले बोल ही नहीं पाती थी!"

मुक्ताची आई माझ्या शेजारी बसली होती. तिला भाषणातलं फारसं कळलं नव्हतं, पण लेकीसाठी टाळ्या पडल्या म्हणून तिचे डोळे भरून आले होते. मुक्ता खाली उतरली तशी तिने हात पसरले. "मुक्ते, ये गं माझी बाय, हिकडं ये!"

मुक्ता धावत आली आणि तिने आईच्या तोंडावर गच्च हात दाबला. स्टेजकडे बघत कुजबुजली,

"मम्मी, चुप! ऐसे मत बोलो. सर सुन लेंगे, तो तुमको भी उस कमरे में बिठा देंगे!"