बासष्ट किलोची बाळं

प्रसूतिरुग्णालयात आकडेवारी करणाऱ्या बाईला सगळे रकानेबाई म्हणत. भाजी करपली तर ती मुकाट्याने खाईल, पण तक्त्यातल्या रकान्याला कुणी लांबलचक नाव दिलेलं तिला खपायचं नाही. नावात कंस दिसला की डोकं फिरलंच म्हणून समजा.

आणि कंसांची हौस कुणाला? तर तिच्याच थोरल्या जावेला! त्या तिथे मुख्य नर्स. ‘वजन (आईचं, किलो)’, ‘वजन (बाळाचं, किलो)’ असे मथळे त्या अगदी मनापासून टाईप करायच्या.

“जाऊबाई, हे मथळे आहेत की निबंध?”

“अगं, वाचणाऱ्याला कळायला नको?”

“वाचतो माझा प्रोग्राम. त्याला सगळं कळतं.”

डोंबलाचं कळतंय! तिने प्रोग्रामला दोनच हुकूम दिले होते. कंसातलं सगळं खोडायचं, आणि एका नावाचे दोन रकाने उरले तर पहिला ठेवून दुसरा फेकायचा. जाऊबाई एकच रकाना दोनदा भरतात, अशी तिची पक्की समजूत होती.

कमी वजनाच्या बाळांच्या खोलीत आणखी एक नर्स द्या, म्हणून जाऊबाई दोन वर्षं अर्ज करत होत्या. मंगळवारी त्यावर बैठक भरली. मोठ्या डॉक्टरांनी रकानेबाईचा अहवाल उघडला.

“वर्षभरात अडीच किलोच्या आतलं बाळ एकही नाही. मग नर्स कशाला?”

जाऊबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. “अहो डॉक्टर, एकही नाही कसं? एकेका नर्सवर नऊ-नऊ बाळं असतात हो!”

रकानेबाईने हळूच लॅपटॉपवर सरासरी काढून पाहिली. बाळाचं वजन, बासष्ट किलो. अगं आई गं! कंस उडाले, दोन्ही रकाने नुसते ‘वजन’ झाले, आया राहिल्या आणि बाळं गेली केरात. तिला दरदरून घाम फुटला. अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गप्प बसलं असतं तर तिची अब्रू झाकली गेली असती.

तेवढ्यात जाऊबाईच म्हणाल्या, “अहवालात चूक असेल, तर माझेच मथळे किचकट असतील. तिचा काय दोष?”

रकानेबाई ताडकन उठली. “नाही डॉक्टर. यांचे मथळे अगदी बरोबर होते. माझा शहाणपणा नडला. मी आयांनाच पाळण्यात घातलंय.”

सगळे पोट धरून हसले. तिने तिथेच बसून कंस परत आणले आणि प्रोग्राम चालवला. अडीच किलोच्या आतली सत्तेचाळीस बाळं निघाली. डॉक्टरांनी अर्जावर सही केली.

जिन्यात जाऊबाईंनी तिचा दंड धरला. “मी बरोबर होते म्हणालीस. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आता एकदा सासूबाईंसमोर म्हणशील?”

“म्हणेन,” रकानेबाई म्हणाली, आणि तिला तिथेच रडू कोसळलं.